डाउनटाइम १६५ मिनिटं, कारण ‘अदर’

पत्र

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत माझं मशीनिंगचं युनिट आहे. ट्रॅक्टरची हाउसिंग, ब्रॅकेट असली कामं. ११ मशीन, २ शिफ्ट, ४० माणसं, उलाढाल ८ कोटींच्या आसपास. मुलगी पुण्यात आयटीत होती, ती परत येऊन धंद्यात लागली. मला आनंदच झाला. मागच्या दिवाळीत तिने ईआरपी, म्हणजे सगळ्या कारखान्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं आणि प्रत्येक मशीनला टॅबलेट लावला. मशीन का थांबलं ते ऑपरेटरने त्यात टाकायचं. यादीत ३४ कारणं आहेत, इंग्रजीत.

आज नग तेवढेच निघतात, ओव्हरटाइम मात्र वाढला. आमचे मिस्त्री २६ वर्षांपासून आहेत, ते अजून डायरीच लिहितात. म्हणतात, "भाऊ, पोट्टे कंटाळून राहिले. ताईचं डबं पाहू का मशीन पाहू?" ठरलेल्या नगांच्या वर गेलं की ऑपरेटरला नगामागे इन्सेंटिव्ह आहे. टॅबलेटमुळे आमचे पैसे बुडतात, असं त्यांचं म्हणणं. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही सगळ्यांसमोर मिस्त्रींची बाजू घेता.

माझा मेव्हणा नागपुरातल्या इतवारीत किराण्याचा ठोक व्यापारी. त्याला मोबाइलने धंदा सोपा झाला, मग मलाच का जमत नाही? सरकार म्हणतं डिजिटल व्हा, मोठं गिऱ्हाईक म्हणतं आमच्या पोर्टलवर या. यात फायदा नेमका कोणाचा? सॉफ्टवेअर बंद करू, की मिस्त्रींना सन्मानाने निरोप देऊ? मार्चमध्ये नूतनीकरणाचे पैसे भरायचे आहेत. सोबत डायरीचं एक पान आणि त्याच दिवसाचा सॉफ्टवेअरचा रिपोर्ट पाठवतो.

— एक कारखानदार, हिंगणा

उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. सॉफ्टवेअर बंद करू नका. आणि मिस्त्रींना निरोप द्यायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. ते गेले तर सॉफ्टवेअरही पाठोपाठ जाईल, फक्त ते गेल्याचं तुम्हाला उशिरा कळेल.

तुम्ही पाठवलेले दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मिस्त्रींच्या डायरीत व्हीएमसी ३ या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनपुढे लिहिलंय: "हाउसिंग लॉट २ कडक. इन्सर्ट ३ गेले. लाइट ४० मि. गेज क्यूसीत, वाट पाह्यली. दुपारून कास्टिंग नाही." (इन्सर्ट म्हणजे कापणारी टोकं, गेज म्हणजे मापाचं साधन, क्यूसी म्हणजे तपासणी विभाग, कास्टिंग म्हणजे फाउंड्रीतून येणारा ओतीव भाग.) आणि त्याच मशीनचा, त्याच दिवसाचा सॉफ्टवेअरचा रिपोर्ट: "डाउनटाइम १६५ मिनिटं. कारण: अदर." म्हणजे मशीन १६५ मिनिटं थांबलं, कारण ‘इतर’. खाली सुंदर रंगीत चकती, तिचा सगळ्यात मोठा तुकडा ‘अदर’चा.

१६५ हा आकडा मिस्त्रींकडे नाही. मशीन थांबण्याचं कारण सॉफ्टवेअरकडे नाही. तुमच्या शॉपमधलं, म्हणजे मशीनच्या शेडमधलं, सगळं भांडण या दोन ओळींत आलं.

‘अदर’ का येतं, ते तुम्हीच लिहिलंय. ३४ कारणं, तीही इंग्रजीत. टॅबलेटला तेल लागू नये म्हणून वर पॉलिथिन गुंडाळलेलं असणार. कूलंटने माखलेलं बोट त्यावर दोनदा घसरलं की माणूस यादीच्या तळाशी जातो आणि जे हाताला लागेल ते दाबतो. मीही तेच दाबलं असतं. त्यात यादीतलं प्रत्येक कारण म्हणजे कोणाच्या तरी नावाने ठपका. ‘ऑपरेटर नॉट अव्हेलेबल’ कोण स्वतःहून दाबेल? ‘अदर’मध्ये कोणीच सापडत नाही.

आता फायदा कोणाचा, या प्रश्नाकडे येतो. तुमच्या पत्रातला हाच खरा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो मधेच टाकून पुढे गेलात.

तुमच्या ऑफिसात आणि शॉपमध्ये जे काही डिजिटल आहे त्याचे आधी दोन ढीग करा. जे दुसऱ्याने मागितलं म्हणून आणलं ते एकीकडे, जे तुम्हाला हवं होतं म्हणून आणलं ते दुसरीकडे. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, पहिल्या ढिगात. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींवरच्या कंपन्यांना लागू झालं, मग उंबरठा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आला. तुम्ही ८ कोटींचे, तेव्हा सुटका नाही. मालवाहतुकीचं ई-वे बिल त्याच ढिगात. गिऱ्हाईकाचं पोर्टल, त्यावर रोज भरायचं डिस्पॅचचं वेळापत्रक, तेही तिथेच. यातल्या कशानेही तुमच्या व्हीएमसीवरून एक नग जास्त निघणार नाही आणि कोणी तसं वचनही दिलेलं नव्हतं. ई-इन्व्हॉइस आलं ते करचोरी रोखायला आणि खरेदीदाराचं जीएसटी क्रेडिट जुळवायला. गिऱ्हाईकाचं पोर्टल आलं ते त्यांच्या लाइनवर माल कमी पडू नये म्हणून. त्यांची उत्पादकता वाढली, त्यातला टायपिंगचा भाग तुमच्या अकाउंटंटकडे आला, एवढाच हिशेब.

म्हणून या ढिगाचं काम कमीत कमी खर्चात आणि कमीत कमी माणसांत उरकायचं, त्यावर भावना खर्च करायच्या नाहीत. एक गोष्ट मात्र जरूर करा. हे सगळं भरताय तर त्यातून तुमचा हक्काचा पैसा तरी लवकर आणा. लघुउद्योग म्हणून तुमचं उद्यम नोंदणीपत्र जागेवर असेल असं धरतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचा पैसा लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावा लागतो, नाही दिला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर हे झकास दिसतं. पण ज्याच्यावर तुमचं घर चालतं त्या गिऱ्हाईकाविरुद्ध सरकारी पोर्टलवर तक्रार करणारा मर्द मला तरी हिंगण्यात भेटलेला नाही. त्यापेक्षा ट्रेड्स बघा, म्हणजे बिलांवर आधीच पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ. गिऱ्हाईकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे थोड्या कपातीने आधीच तुमच्या खात्यात येतात. पुढे गिऱ्हाईकाने बँकेला पैसे नाही दिले तर बँक तुमच्या दारात येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची होती, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तिथे असायलाच हवं. सरकारी डिजिटल धोरणातली ही एक गोष्ट थेट तुमच्या फायद्याची आहे, आणि नेमकी हीच कोणी सांगायला येत नाही. पोर्टलवर किती लोक नोंदले याचे आकडे जाहीर करायला सोपे असतात. नोंदल्यावर त्यांचं काय झालं, हे मोजायला कष्ट पडतात.

मेव्हण्यांचं उदाहरण तुम्हाला फार लागलंय असं दिसतं. इतवारीच्या दुकानात यूपीआय आलं तेव्हा धंद्याची रीत बदलावी लागली नाही. माल तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त पैसे घ्यायची पद्धत बदलली. सुट्टे पैसे, खोट्या नोटा, संध्याकाळचा गल्ला मोजणं, सगळं कमी झालं. त्यात जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआयवरचं व्यापाऱ्याचं शुल्क शून्य केलं. फुकट, सोपं आणि कोणाच्या पगाराला हात न लावणारं तंत्रज्ञान रुजायला वेळ लागत नाही. तुमचं तसं नाही. तुमच्या तंत्रज्ञानाला फायदा द्यायचा तर कोणी, कधी, काय करायचं हेच बदलावं लागतं. मेव्हण्यांनी गोदामातला साठा सॉफ्टवेअरवर घेऊन पाहावा, मग दिवाळीला दोघं एकाच सुरात बोलाल.

आणि हे दुखणं फक्त हिंगण्याचं नाही. रॉबर्ट सोलो यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्यांनी टोमणा मारला होता की संगणक सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. त्याचं उत्तर शोधताना अभ्यासक मागे, विजेपर्यंत गेले. तुम्ही मशीनवाले आहात, तुम्हाला हे लगेच कळेल. अमेरिकेत वीज १८८० च्या दशकात मिळू लागली. तेव्हाच्या कारखान्यात एक मोठं वाफेचं इंजिन, त्यावरून छताखाली फिरणारा लांब शाफ्ट, आणि त्यावरून पट्ट्याने प्रत्येक मशीन. मालकांनी काय केलं? वाफेचं इंजिन काढून तिथे एक भली मोठी मोटार बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच, मशीनच्या जागाही त्याच. फायदा किरकोळ. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटार लागली, शाफ्ट उतरवला, आणि मशीन शाफ्टच्या सोयीने न लावता मालाच्या वाटेने लावली, तेव्हा कुठे उत्पादकता उसळली. तोवर १९२० चं दशक उजाडलं होतं.

तुमच्या शॉपमधला शाफ्ट अजून छताला लटकतोय. पत्रावरून दिसतं की मशीन थांबल्याची नोंद आधी ऑपरेटर टॅबलेटवर करतो, मग मिस्त्री डायरीत करतात. रिपोर्टमध्ये सगळं ‘अदर’ आल्यामुळे तुमची लेक किंवा एखादा क्लार्क संध्याकाळी डायरीवरून एक्सेलमध्ये तिसऱ्यांदा भरत असणार, अशी मला दाट शंका आहे. ओव्हरटाइमचा काही भाग तिथेच सापडेल. एकच गोष्ट तीनदा लिहायची आणि उत्पादकता का वाढत नाही म्हणून विचारायचं! १९८० च्या दशकात रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर बँकांत लेजर पोस्टिंगची, म्हणजे खात्यांच्या नोंदी करणारी, यंत्रं आली, तेव्हाही खातं त्या शाखेचंच राहिलं आणि गिऱ्हाईक त्याच खिडकीपुढे उभं राहिलं. सगळ्या शाखा एकमेकींना जोडणारं कोअर बँकिंग येऊन खातं शाखेचं न राहता बँकेचं झालं, तेव्हा रांग मोडली. तुम्हीही जुनं काहीतरी बंद केल्याशिवाय नव्याचा फायदा मागू नका.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, पैशाचा. तुमचे ऑपरेटर खोटं बोलत नाहीत.

पाकिस्तानात सियालकोटला फुटबॉल बनवण्याचा मोठा उद्योग आहे. तिथे काही अर्थतज्ज्ञांनी रेक्झिन कापण्याचा नवा डाय, म्हणजे कापायचा साचा, तयार केला, ज्याने कापताना माल कमी वाया जात होता. कारखान्यांना तो फुकट दिला. तरी फारसा कोणी वापरेना. खोदून पाहिल्यावर कळलं की कापणाऱ्यांना नगावर मजुरी होती. नवा डाय सुरुवातीला हात धीमा करायचा. वाचलेला माल मालकाचा आणि बुडलेली मजुरी कारागिराची. मग कारागीर मालकाला सांगायचा, हे काही कामाचं नाही. पुढे अभ्यासकांनी काही कारखान्यांत एका कटरला आणि एका प्रिंटरला साधारण महिन्याच्या पगाराएवढी रक्कम देऊ केली, अट एकच, की नवा डाय नीट चालवून मालकासमोर दाखवायचा. त्या कारखान्यांत वापर लक्षणीय वाढला. २०१७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मी तो प्रत्येक कारखानदाराला सांगतो, आणि बहुतेक जण ऐकून म्हणतात, "आमचे लोक तसे नाहीत." भाऊ, सगळ्यांचे लोक तसेच असतात, आणि त्यात त्यांची चूक काही नाही.

तुमच्याकडे टॅबलेट भरण्यात गेलेली मिनिटं ऑपरेटरच्या इन्सेंटिव्हमधून जातात. ती तुम्ही भरून द्या. नोंद करण्याचा वेळ ठरलेल्या नगांतून वजा करा, म्हणजे तेवढे नग कमी धरून पुढे इन्सेंटिव्ह सुरू होऊ द्या. आणि लाइट गेली, कास्टिंग आलं नाही, गेज क्यूसीत अडकला, अशा ऑपरेटरच्या हातात नसलेल्या कारणाने मशीन थांबलं आणि त्याने ते खरं नोंदवलं, तर त्या वेळेचे पैसे कापू नका. हे फलकावर लावा, तोंडी नको. सुरुवातीचे काही महिने या नोंदीवरून कोणालाही मेमो जाणार नाही हेही त्याच कागदावर लिहा, आणि खाली तुमची सही. मुलीची नको. आज मुलीच्या सहीला शॉपमध्ये तेवढं वजन नाही, उद्या येईल.

मग करायचं काय? ११ पैकी १० टॅबलेट काढून कपाटात ठेवा. हे वाचून तुमच्या लेकीला राग येईल, पण तिने पुढचं वाचावं. तुम्ही पाठवलेल्या डायरीच्या पानावरून मला वाटतं की तुमचं काम व्हीएमसी ३ वरच अडतं. तसं असेल तर बाकी मशीनवर वाचवलेला तास तुमच्या कामाचा नाही, तो माल पुढे जाऊन व्हीएमसीसमोर ढीगच लावणार. मोजायचं फक्त तिथे. ३४ कारणांची ६ करा, आणि ती ६ मिस्त्रींना त्यांच्या डायरीतून काढू द्या: माल नाही, गेज किंवा क्यूसी, टूल, सेटिंग, लाइट, दुरुस्ती. ‘अदर’ ठेवूच नका. यादी मराठीत आणि हिंदीत, कारण तुमच्याकडे बालाघाट-छिंदवाड्याकडची पोरंही असतील. टॅबलेटऐवजी ६ जाड बटणांचा डबा लावता आला तर उत्तमच, तेलकट बोटाने दाबता येतो. तेही नको असेल तर सुरुवातीला खडू आणि पाटी चालेल. कमीपणा मानू नका.

अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगावच्या कापड गिरण्यांत २००८ पासून एक प्रयोग केला. १७ कंपन्या, २८ कारखाने. त्यातल्या काहींना सल्लागार दिले. सल्ला काय होता? माग का थांबला ते रोज लिहा, दोष कुठे आला ते लिहा, सुताचा साठा मोजा, आणि त्यावर रोज बसून बोला. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. यातली मेख ‘रोज बसून बोला’ या तीन शब्दांत आहे. तुमच्याकडे रिपोर्ट रोज निघतो, पण त्यावर सकाळी पहिल्या शिफ्टला मिस्त्री, सेटर, क्यूसीवाला आणि तुमची लेक दहा मिनिटं मशीनजवळ उभे राहतात का? पत्रात तसं काही नाही. काही वर्षांनी अभ्यासक त्याच गिरण्यांत परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. एक मोठं कारण म्हणजे कारखान्याचा मॅनेजर बदलला होता. मिस्त्रींना निरोप देण्याबद्दल मी सुरुवातीला तसं का लिहिलं, ते यावरून कळेल.

अशा मार्गदर्शनाला पैसे लागतात, पण सगळे तुमचे नकोत. केंद्राच्या एमएसएमई खात्याची लीन, म्हणजे कामातली नासाडी कमी करण्याची, योजना मार्च २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली, त्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या एमएसएमई कार्यालयात जाऊन सध्याच्या अटी विचारून या. टॅबलेट विकणाऱ्याने तुम्हाला हे सांगितलं नसणार, कारण त्यात टॅबलेट विकला जात नाही.

लेकीबद्दल दोन शब्द. ती चुकलेली नाही, तिने घाई केली. १६५ हा आकडा तिच्यामुळे तुम्हाला पहिल्यांदा दिसला. २६ वर्षांत तो कोणाला दिसला नव्हता, मिस्त्रींनाही नाही, तुम्हालाही नाही. तिला सांगा, एक आख्खी शिफ्ट मिस्त्रींबरोबर उभी राहा, लॅपटॉप केबिनमध्ये ठेवून. लॉट कडक आहे हे चिप पाहून आणि आवाज ऐकून त्यांना कसं कळतं ते विचार. मग फाउंड्रीचा लॉट नंबर जॉब कार्डावर कसा आणायचा हे तिलाच सुचेल, आणि कास्टिंगवाल्याला पैसे कापल्याची डेबिट नोट पाठवताना हातात पुरावा असेल. तुमच्या पानावरचा सगळ्यात महाग शब्द ‘कडक’ आहे, आणि तो अजून कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. मिस्त्रींनाही स्पष्ट सांगा की अमुक तारखेपासून व्हीएमसी ३ ची डायरी बंद, तिथली नोंद फक्त डब्यावर. बाकी मशीनची डायरी तोवर चालू राहू द्या. तारीख ठरवताना दोघांनाही समोर बसवा. आणि एकाचं दुसऱ्यासमोर चुकलं तर शॉपमध्ये बोलू नका, घरी किंवा केबिनमध्ये बोला. मुलीची तक्रार रास्त आहे.

राहिलं नूतनीकरण. सगळ्यांसाठी वर्षाचे पैसे भरू नका. अकाउंट्स, स्टोअर आणि व्हीएमसी ३, एवढ्यांपुरते युजर ठेवून नवा भाव मागा. वापरणाऱ्यांच्या संख्येवर आकारणी असेल तर तो बराच खाली येईल. तुमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये कधीही काढून मिळेल हे करारात लिहून घ्या, आणि एकदा प्रत्यक्ष काढून पाहा. कारणांची यादी मराठीत बदलून द्यायला विक्रेता वेगळे पैसे मागेल. तिथे घासाघीस तुमच्या लेकीला करू द्या, हे काम ती तुमच्यापेक्षा चांगलं करेल. आणि तो एका मशीनपुरतं द्यायला तयारच झाला नाही, तर मार्चपर्यंत पाटी-खडूवर चालवा आणि दुसरा विक्रेता शोधा.